कडं बंद का होत नाही? 'कार्यपद्धती' कशी वाचावी

आज शोधनिबंधाऐवजी एका पानाच्या कृतीची समीक्षा करतोय. विषय आहे टॅटिंगच्या लेसचे मणी घातलेले कानातले. ही कृती प्रिंट करून मी मोलगीला घरी नेली, धाकट्या बहिणीसाठी. आमच्याकडे व्हिडिओ बघण्याइतकी रेंज मिळेलच असं नाही, म्हणून सगळी भिस्त कागदावर.

आधी चांगलं सांगतो. मोजमाप चोख आहे. 'कडं: ५–५–५–५, बंद' म्हणजे पाच-पाच दुहेरी गाठींचे चार गट आणि मध्ये तीन पिको, म्हणजे दोऱ्याचे छोटे फास. मधल्या पिकोवर एक मणी. अशी पाच कडी. फोटोही सुरेख.

तरी बहिणीचं पहिलंच कडं बंद होईना. तीनदा दोरा कापून टाकल्यावर ती म्हणाली, "दादा, माझ्या हातातच नाही ते."

दोष तिच्या हातात नव्हता. टॅटिंगमध्ये गाठ शटलच्या दोऱ्याने घालतात, पण शेवटी ती डाव्या हातावरच्या दोऱ्याची व्हावी लागते. त्यासाठी डावी बोटं सैल सोडून शटलचा दोरा ताणायचा. मग गाठ उलटते आणि शटलचा दोरा तिच्या आतून मोकळा सरकतो. गाठ उलटली नाही तर कडं बंद होणारच नाही. कागदावर याबद्दल एक अक्षर नाही. मणी शटल भरण्याआधी दोऱ्यात ओवायचे आणि कडं सुरू करतानाच त्याचा मणी डाव्या हातावरच्या फेऱ्यात घ्यायचा, हेही नाही.

हे लिहिता येत नाही असं नाही. तेरेज द दिलमाँ यांच्या १८८६ च्या सुईकामाच्या विश्वकोशात टॅटिंगचं प्रकरण आहे, आणि कोणत्या दोऱ्याचा फास व्हायला हवा हे त्यात बजावून सांगितलंय. आपल्या कृतीने आकडे दिले, पण ज्याच्यावर सगळं अडतं तेच गाळलं. लिहिणाऱ्याच्या हाताला ते इतकं सवयीचं असावं की सांगायचं सुचलंच नाही.

प्रयोगशाळेतही हेच होतं. हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ साली एका प्रकारच्या लेसरचा अभ्यास मांडला. नुसते छापील लेख वाचून तो लेसर कुणालाच चालू करता आला नव्हता. ज्यांना जमला, त्यांचा आधी जमलेल्यांशी प्रत्यक्ष संपर्क होता. बहिणीलाही शेवटी नंदुरबारच्या एका शिवणक्लासच्या बाईंनी हात धरून दाखवलं, तेव्हा जमलं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. छापील पद्धत वापरून प्रयोग फसला, तर लगेच "मला जमत नाही" म्हणू नका. घरातून पहिल्यांदाच संशोधनाकडे आलेले आपण हे फार पटकन म्हणतो. मीही पहिले चार महिने हेच म्हणत होतो. आधी कागदात काय सुटलंय ते शोधा, ज्याला जमलंय त्याला विचारा. आणि स्वतःची कार्यपद्धती लिहिली की तो प्रयोग कधीच न केलेल्या माणसाला ती द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे तुमची एक ओळ राहिलीय.

बहिणीने त्या कागदावर सगळ्यात वर पेनाने लिहून ठेवलंय: "आधी डावा हात सैल." आता तोच कागद तिच्या मैत्रिणी वापरतात.