लेण्याद्रीची ब्राह्मी आणि कृत्रिम कळदाब : 'सेंडइनपुट' फंक्शनची चिकित्सा

प्रास्ताविक : जुन्नर तालुक्यातील लेण्याद्री हे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. मुळात ही बौद्ध लेणी असून त्यांतील सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात दानाची नोंद करणारा ब्राह्मी शिलालेख आहे. युनिकोडच्या ६.० आवृत्तीत (इ.स. २०१०) ब्राह्मीचा समावेश झाल्याने असे लेख मूळ लिपीत प्रमाणित संकेतांनी नोंदविता येऊ लागले. नेहमीच्या कळफलकावर ही लिपी नसते. म्हणून विंडोजमधील 'सेंडइनपुट' या फंक्शनद्वारे कृत्रिम कळदाब पाठविण्याचा मार्ग अवलंबिला जातो. त्याच्या मर्यादांचा येथे विचार केला आहे.

विवेचन : देवनागरी 'क'चा युनिकोड क्रमांक २,३२५, तर ब्राह्मी 'क'चा ६९,६५१ आहे. सेंडइनपुटमध्ये अक्षरासाठी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच्या संख्येचीच जागा आहे. क्रमांक तसाच कोंबल्यास वरचा अंश गळून ४,११५ उरतो आणि तो म्यानमारच्या लिपीतील 'ध'चा क्रमांक आहे. किंबहुना संपूर्ण ब्राह्मी विभागच अशा रीतीने त्या लिपीत जाऊन पडतो. देवनागरीवर निर्दोष ठरलेले साधन येथे फसते ते यामुळे. योग्य रीत म्हणजे ५५,३०० व ५६,३३९ ही जोडी पाठविणे. प्रत्येकाचे दाबणे व सोडणे मिळून चार नोंदी होतात.

ही चूक साधन रचणाऱ्याची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ती झाकली जाते फंक्शनच्या उत्तरामुळे. ते केवळ किती नोंदी स्वीकारल्या ती संख्या परत देते. नोंदीचा आकार (३२-बिट प्रणालीत २८, ६४-बिट प्रणालीत ४० बाइट) चुकला तर शून्य मिळते व दोष लगेच सापडतो. मात्र चुकीचे अक्षर गेले तरी संख्या पूर्णच येते. माउसचे निरपेक्ष स्थान ० ते ६५,५३५ या मापात न देता पडद्याच्या बिंदूंत दिल्यास दर्शक वरच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. उत्तर मात्र यशाचेच असते. व्हिस्टापासून अधिक अधिकार असलेल्या प्रोग्रामकडे जाणारे इनपुट अडविले जाते; तेही परत आलेल्या संख्येवरून वा त्रुटी-क्रमांकावरून कळत नाही.

निष्कर्ष : स्वीकृती म्हणजे अचूकता नव्हे. लिपी न जाणणाऱ्या टंकलेखकाला परके अक्षर खटकेलच असे नाही आणि एकदा संग्रहात शिरलेला अपपाठ पुढील संशोधनात प्रमाण ठरू शकतो. म्हणून उमटलेला मजकूर परत वाचून त्याचे क्रमांक मूळ क्रमांकांशी एकेक करून ताडणे, तसेच साधनाची पहिली चाचणी देवनागरीऐवजी ब्राह्मीवर घेणे आवश्यक ठरते.