‘मुक्त’ शिक्षणातील मुक्तता

आंतरजालावरील शिक्षणाच्या चर्चेत ‘मुक्त’ आणि ‘विनामूल्य’ ही विशेषणे समानार्थी म्हणून योजिली जातात. वस्तुतः त्यांत मूलगामी भेद आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपले पाठ्यसाहित्य खुले करण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे त्यास दिलेल्या परवान्याने ते साहित्य अव्यापारी कार्यासाठी बदलण्याचा, भाषांतरित करण्याचा अधिकार वाचकास लाभला.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड येथे सेबास्टियन थ्रन व पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमास सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत टिकले ते सुमारे २३,०००. या गळतीचा फार गवगवा झाला. परंतु ग्रंथालयात शिरणारा प्रत्येक जण ग्रंथ संपवूनच बाहेर पडतो, असे कोण म्हणेल? अधिक गंभीर ठरला तो २०१३ चा अनुभव. थ्रन यांच्याच युडॅसिटीने सॅन होजे राज्य विद्यापीठासह अल्प शुल्कात चालविलेल्या वर्गांत उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून खालावले आणि प्रयोग स्थगित करावा लागला. ज्यांची पूर्वतयारी कच्ची, त्यांना दार उघडे असणे पुरत नाही. हात धरणारा शिक्षक लागतो.

दार उघडे ठेवून आतील वस्तूंवरचा हक्क राखण्याची रीत मात्र रूढ झाली. कोर्सेरावरील बहुतेक पाठ याच जातीचे होते. असा पाठ मराठी अध्यापक स्वतः पाहू शकतो, विद्यार्थ्यांस पाहावयास सांगू शकतो. त्याचे मराठी रूप सिद्ध करून प्रसिद्ध करावयाचे, तर त्याला अनुमती मागावी लागते.