लॅव्हेंडरचे दहा थेंब आणि कपाटातली कसर

एमएस्सीच्या डेझर्टेशनसाठी विषय शोधायला बसलात की एक वाट तुम्हाला हमखास दिसेल. एक सुगंधी तेल घ्यायचं, एक कीटक घ्यायचा, आणि तेलानं किती कीटक मरतात किंवा पळतात ते मोजायचं. खर्च कमी, सामान बहुतेक डिपार्टमेंटमध्येच असतं, कीटक घरच्या रव्याच्या डब्यातही मिळतो आणि एका सेमिस्टरमध्ये आलेख तयार होतो. शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘म्हणून हे तेल रासायनिक कीटकनाशकांना नैसर्गिक आणि सुरक्षित पर्याय ठरू शकतं.’

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. त्याच्या आधीचे आकडे बऱ्याचदा खरे असतात, प्रयोगही प्रामाणिकपणे केलेला असतो. पण प्रयोगानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि शीर्षकानं जो प्रश्न विचारला, ते दोन वेगळे प्रश्न असतात. उदाहरण म्हणून घरातले पतंग घेऊ, म्हणजे कपाटातली लोकर खाणारे आणि डब्यातल्या धान्यात जाळी करणारे. यांच्यावर लॅव्हेंडर, लवंग, निलगिरी, सिट्रोनेला असं काय काय सुचवलं जातं ते तुम्ही ऐकलेलंच आहे.

आधी कीटक कोणता ते ठरवा. आपण ‘कपड्याला कसर लागली’ म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात निदान तीन वेगळे प्राणी येतात. एक कपड्यांचा पतंग, टिनिओला बिसेलिएला आणि त्याचे भाऊबंद. दुसरा कार्पेट बीटल, म्हणजे भुंगेरा, ज्याची केसाळ अळी लोकर खाते. तिसरी सिल्व्हरफिश, ती चंदेरी, सुळकन पळणारी. पहिल्या दोघांना केराटिन पचतं, म्हणून ते लोकर, केस, पिसं यांच्यामागे असतात. सिल्व्हरफिशला आवडतो स्टार्च. खळ घातलेली सुती साडी आणि पुस्तकाच्या बांधणीतला डिंक हे तिचं खाणं. सुती साडीला भोकं पडली असतील तर पतंगावरचा कुठलाच पेपर तुमच्या कामाचा नाही. डब्यातला पतंग तर आणखी निराळा. तांदूळ-रव्यात जाळी करणारा कॉर्सायरा सेफॅलोनिका आणि लोकर खाणारा टिनिओला हे दोघेही पतंगच, पण एकावरचा निकाल दुसऱ्याला लावणं म्हणजे मांजरावरचं औषध बिबट्याला देण्यासारखं आहे. तरी पेपरांच्या प्रस्तावनेत ‘घरगुती पतंग’ असा एकच गठ्ठा बांधलेला दिसतो.

आता अवस्था. तुम्हाला कपाटाजवळ फडफडताना दिसतो तो प्रौढ पतंग काहीही खात नाही. त्याची तोंडाची अवयवं त्या कामाची उरलेलीच नसतात. खाते ती अळी. ती अंधारात, घडीच्या आत, कॉलरच्या खाली बसलेली असते आणि उडत नाही. त्यामुळे ‘तेलानं ८० टक्के प्रौढ दूर गेले’ हा निकाल शालीच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी आहे. मादीला अंडी घालण्यापासून रोखलं का? घातलेली अंडी उबली का? अळीनं खाणं थांबवलं का? हे तीन प्रश्न शालीचे आहेत, आणि तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. अमेरिकेच्या कृषी विभागातले बॅक आणि रबाक यांनी १९२२ साली लाल सीडरच्या पेट्यांवर एक बुलेटिन काढलं. लोकरी कपडे ठेवायला तिकडे या पेट्या प्रसिद्ध होत्या. दोघांनी अंडी, नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या, वाढलेल्या अळ्या आणि प्रौढ असं प्रत्येकाला वेगळं तपासलं. नुकत्या जन्मलेल्या अळ्या पेटीत मरत होत्या. अर्ध्या वाढलेल्या आणि त्याहून मोठ्या अळ्यांना फारसं काही होत नव्हतं. अंडी आणि प्रौढांनाही नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा की कपडे आधी झटकून, ब्रशनं साफ करून, उन्हात घालून मगच पेटीत ठेवा, म्हणजे मोठ्या अळ्या आधीच निघून जातील. आणि पेटी घट्ट बंद होणारी हवी. शंभर वर्षांपूर्वीचं हे काम मला आजच्या कित्येक पेपरांपेक्षा वरचढ वाटतं, कारण निकाल ‘सीडर चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असा नसून ‘कुणावर, कधी आणि कशाच्या जोडीनं’ असा आहे. जाता जाता: हे लाल सीडर खरं तर ज्युनिपर आहे, आपल्या देवदाराच्या कुळातलं नाही. बाजारातल्या ‘सीडरवुड ऑइल’च्या बाटलीत यातलं नेमकं कोणतं आहे ते लेबलवरच्या शास्त्रीय नावाशिवाय कळत नाही.

पळवण्याच्या प्रयोगांची रचनाही बघा. गोल डिशमध्ये अर्धा फिल्टर पेपर तेलाचा, अर्धा साधा. कीटक मध्ये सोडायचा आणि काही वेळानं कुठल्या बाजूला आहे ते मोजायचं. तो साध्या बाजूला जातो, कारण साधी बाजू आहे. कपाटात दुसरी बाजू कुठे असते? अंड्यातून निघालेली अळी शालीवरच असते आणि तिचं जेवण तिच्या पायाखालीच असतं. पर्याय नसताना ती काय करते, हे बघायला ‘नो-चॉइस’ चाचणी लागते. ती वेळखाऊ आहे. निकालही बहुधा कमी देखणे येतात. कदाचित म्हणूनच ती कमी वेळा केली जाते, हा माझा संशय.

मात्रेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला फक्त गुणाकार येणं पुरेसं आहे. समजा एका पेपरात लिहिलंय की एक लिटरच्या बंद बरणीत ५० मायक्रोलिटर तेलाच्या वाफेनं २४ तासांत निम्म्या अळ्या मेल्या. आता एक साधं लाकडी कपाट घ्या: उंची १.८ मीटर, रुंदी ०.९ मीटर, खोली अर्धा मीटर. आकारमान ०.८१ घनमीटर, म्हणजे ८१० लिटर. तीच मात्रा द्यायची तर ८१० गुणिले ५०, म्हणजे सुमारे ४० मिलिलिटर तेल. दहा मिलिच्या चार बाटल्या, आणि तेही कपाट बरणीसारखं हवाबंद असेल तरच. घरी आपण करतो काय? कापसाच्या बोळ्यावर दहा थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर हे अर्धा मिली झालं. ८१० लिटरमध्ये वाटलं तर लिटरमागे ०.६ मायक्रोलिटर, पेपरातल्या मात्रेच्या सुमारे ऐंशी पट कमी. शिवाय कपाटाच्या फटी आहेत, दार रोज उघडतं, आणि लोकर स्वतःच वाफ शोषून घेते. त्यात हे घटक उडून जाणारे. आठवड्यानंतर बोळ्याला वास येतो म्हणून मात्रा टिकली असं होत नाही. आपलं नाक फार कमी वाफही पकडतं.

हा गुणाकार पेपराच्या चर्चेत केलेला मला क्वचितच दिसतो. तुम्ही वाचताना करत जा. पेन लागतं फक्त.

आणि तेल म्हणजे तरी काय? ‘तुळशीचं तेल’ म्हणून एकच पदार्थ नसतो. एका ठिकाणच्या तुळशीत युजेनॉल जास्त, दुसरीकडे मिथाइल चॅविकॉल, तिसरीकडे लिनालूल. याला केमोटाइप म्हणतात. लॅव्हेंडरमध्ये मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. त्याचंच संकरित भावंड लॅव्हँडिन, त्यात कापूर जास्त. तेव्हा जीसी-एमएस न करता ‘बाजारातून आणलेलं तेल’ वापरून काढलेला निकाल दुसरं कुणी पुन्हा काढूच शकत नाही. इझमन आणि ग्रिनायसेन यांनी २०१४ मध्ये ‘ट्रेंड्स इन प्लांट सायन्स’मध्ये या सगळ्या क्षेत्राचा हिशेब मांडला होता. वनस्पतीजन्य कीटकनाशकांवर १९८० साली ६१ पेपर निघाले होते, २०१२ साली १२०७. पण २०११ मधल्या पेपरांतून यादृच्छिक १९७ निवडून तपासले, तेव्हा जेमतेम एक तृतीयांशांत तेलाची किंवा अर्काची रासायनिक माहिती होती, आणि फक्त पाव भागात पॉझिटिव्ह कंट्रोल होता. म्हणजे तीन चतुर्थांश लेखकांनी माहीत असलेल्या कुठल्याही परिणामकारक पदार्थाशी तुलनाच केली नव्हती. ‘रासायनिक कीटकनाशकांना पर्याय’ हे वाक्य मग कशाच्या जोरावर लिहायचं?

आकडेशास्त्राबद्दल थोडक्यात. एका डिशमध्ये दहा अळ्या ठेवल्या म्हणजे दहा रेप्लिकेट झाले असं नाही. डिश एक, रेप्लिकेट एक. हर्लबर्टनं १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, आणि तो शब्द व्हायवाला विचारला जातो. कंट्रोलमध्येही अळ्या मरत असतील तर अ‍ॅबटचं १९२५ मधलं सूत्र लावा. तेल अ‍ॅसिटोनमध्ये मिसळलंय तर नुसत्या अ‍ॅसिटोनचा कंट्रोल हवा.

राहिला ‘सुरक्षित’ हा शब्द. तो बहुतेक पेपरांत प्रयोगाशिवाय येतो, ‘नैसर्गिक’ या शब्दाचा हात धरून. डांबरगोळ्यांबद्दलची भीती योग्यच आहे: नॅप्थलीनला आयएआरसीनं ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात, म्हणजे २-बी मध्ये, ठेवलंय, आणि जी-६-पीडीची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यातून रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पण म्हणून दुसरी बाजू आपोआप निरुपद्रवी होत नाही. कापूर किंवा निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी फेफरं येऊ शकतं. लिनालूल हवेत राहिलं की ऑक्सिडाइज होतं आणि तयार होणाऱ्या हायड्रोपरॉक्साइडमुळे त्वचेची अ‍ॅलर्जी होते, म्हणजे जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रासदायक. मांजरांच्या यकृताला असे अनेक घटक नीट निकामी करता येत नाहीत.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र आपल्याच घरातलं आहे: वेखंड. कपड्यांत ठेवायचा, बाळगुटीत उगाळायचा. जम्मूच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीतल्या सक्सेना, कौल, टिकू आणि अटल यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की वेखंडाच्या तेलातलं बीटा-असारोन कीटकांच्या प्रजननात अडथळा आणतं. भारतीय प्रयोगशाळेतलं हे काम तुम्ही मुळातून वाचावं असं आहे. त्यांनी ‘तेल’ न म्हणता रेणू शोधला. आता दुसरी बाजू: उंदरांमध्ये गाठी होतात म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली, आणि त्या चिंतेचं कारण हाच बीटा-असारोन. जो गुण तोच दोष. शिवाय हा घटक किती असेल ते वेखंडाच्या गुणसूत्रांच्या संचांवर अवलंबून असतं: दोन संचांच्या जातीत तो जवळजवळ नसतोच, चार संचांच्या जातीत भरपूर. तेव्हा ‘वेखंड नैसर्गिक आहे, सुरक्षित आहे, पतंग पळवतो’ या वाक्यातला प्रत्येक तुकडा कुठली जात, किती मात्रा आणि त्वचेवर, पोटात की कपाटात यावर बदलतो.

तेलांत काही दम नाही असं माझं म्हणणं नाही. बंद जागेत, पुरेशा मात्रेत यातले कित्येक घटक कीटकांना खरंच मारतात. म्हणून विषय सोडू नका, प्रश्न लहान करा. एकच कीटक, तज्ज्ञाकडून ओळख पटवलेला. एकच अवस्था, शक्यतो अळी. तेलाचं जीसी-एमएस. बरणीऐवजी एखादा खराखुरा ट्रंक, दिवसातून एकदा उघडलेला. मोजायचं काय, तर मेलेल्या अळ्यांऐवजी लोकरीच्या तुकड्याचं सहा आठवड्यांनी घटलेलं वजन. एका ट्रंकेत तेल, एकीत नुसतं विद्रावक, एकीत माहितीतलं परिणामकारक रसायन, एकीत फक्त धुतलेली लोकर. गाईड कदाचित म्हणतील की यातून पॉझिटिव्ह निकाल येईलच असं नाही. बरोबर आहे. त्यांना ही चौथी ट्रंक दाखवा: घाम आणि अन्नाचे डाग निघालेल्या स्वच्छ लोकरीवर या अळ्या नीट वाढत नाहीत, हे आधीपासून माहीत आहे. तुमचं तेल साध्या धुण्यापेक्षा काही जास्त करतं का, या प्रश्नाला हो आलं काय आणि नाही आलं काय, दोन्ही छापण्यासारखं आहे.

तोवर घरी कुणी विचारलं तर शाल धुऊन, पूर्ण वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं.