दम धरायचा नाही

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ला आला. मी तो नववीत असताना जळोचीत चुलतभावाच्या घरी, पेन ड्राइव्हवर पाहिला. त्यातला पाण्याखालचा प्रसंग तुम्हालाही आठवत असेल. लंडनमध्ये पैशाच्या मागे पळणारा अर्जुन (हृतिक रोशन) पाण्याला घाबरतो. स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावर लैला (कतरिना कैफ) त्याची प्रशिक्षक असते. तो गडबडतो, ती त्याला शांत करते, दोघं खाली जातात. वर येतो तेव्हा त्याचे डोळे भरलेले असतात. झोया अख्तरने तो प्रसंग फार छान घेतलाय. तरी माझं भांडण त्याच्याशीच आहे.

मला पोहायला येत होतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. वरून एकच आरोळी असायची, "दम धर!" बुडी मारली की दम धरायचा, जो जास्त वेळ धरेल तो भारी.

नोकरी लागल्यावर ऑफिसच्या पोरांसोबत मालवणला गेलो. तिथं पोहता न येणाऱ्यालाही स्कुबा करता येतं. प्रशिक्षक मागून टाकी धरतो, आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा, मासे बघायचे, कॅमेऱ्याला अंगठा आणि तर्जनीचा गोल दाखवायचा. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. खरं सांगायचं तर मी पूर्ण वेळ घाबरलेलो होतो. तरी रीलला त्याच सिनेमाचं गाणं लावलं आणि खाली लिहिलं, 'भीतीच्या पलीकडे'. गावाकडून दणादण लाइक आले.

ते खोटं डोक्यात टोचत राहिलं, म्हणून गेल्या वर्षी सुट्टी काढून अंदमानला हॅवलॉकवर गेलो. आता त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप. चार दिवसांचा कोर्स, संपल्यावर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी. आधी २०० मीटर पोहून दाखवायचं, मग १० मिनिटं नुसतं तरंगायचं. हे विहिरीच्या जोरावर जमलं. अडलं ते पुढं, कारण स्कुबाचा पहिला नियम तात्यांच्या बरोबर उलटा होता. दम धरायचा नाही. कधीच नाही. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथं छातीत भरलेली हवा कोंडून वर आलात, तर ती दुप्पट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी, जेमतेम तीन मीटर पाण्यात, मास्कचा सराव होता. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं, वरची कड दाबायची आणि नाकाने हवा फुंकून पाणी बाहेर काढायचं. ऐकायला सोपं आहे. नाकात खारं पाणी गेलं, मी डोळे गच्च मिटले आणि दम धरला. तसाच वर पळणार होतो. प्रशिक्षकाने माझ्या जॅकेटचा पट्टा पकडला. हाताने 'थांब' म्हणाला आणि स्वतःच्या तोंडातून बुडबुडे सोडत राहिला, मी सोडेपर्यंत. मग परत मास्क भरायला लावला. परत फसलो. तिसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या दिवशी जास्त खोलीवर तेच, आणि तेव्हाही भीती तेवढीच होती. फक्त हातांना काय करायचं ते ठाऊक होतं.

सिनेमात नेमकं हेच गाळलंय. तिथं अर्जुनची भीती म्हणजे मनातली गाठ, योग्य माणसाने डोळ्यात बघितलं की सुटणारी. लैला प्रशिक्षक आहे हे आपल्याला सांगितलं जातं, पण तिचं शिकवणं असं दिसतच नाही. कॅमेऱ्याला तिचं काम नकोय, तिचा चेहरा हवाय. कुणी म्हणेल, सिनेमात एवढं कोण दाखवणार? पण 'दंगल'मध्ये (२०१६) सराव हीच तर निम्मी गोष्ट आहे. पदक मिळवायचं असेल तर आपले सिनेमे घाम दाखवतात. 'स्वतःला शोधायचं' असेल तर घाम गायब होतो, नुसता निळा प्रकाश राहतो. माझ्यासारख्या आयटीवाल्यांना हे दुसरं जास्त आवडतं, कारण ते लाँग वीकेंडमध्ये बसतं. मालवणच्या बोटीतून उतरताना मला वाटलं होतं की भीती गेली नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. रीलवरचं ते खोटं तिथूनच आलं.

एक श्रेय मात्र देतो. खाली गेल्यावर संवाद थांबतात, हातवारे उरतात. सारखी बडबड करणाऱ्या त्या सिनेमात ती शांतता खरी वाटते. माझ्या शेवटच्या डाइव्हला स्वतःच्या श्वासाची घरघर ऐकताना मला तोच प्रसंग आठवला, नाही म्हणत नाही.

दिवाळीत जळोचीला तो परत लावला. तात्या शेजारी बसले होते. लैला-अर्जुन पाण्यात शिरले तसं त्यांनी विचारलं, "त्या टाकीतली हवा कधी संपती ते ह्यांना कसं कळतं रं?"

मी पॉज केलं. सांगितलं की एक काटा असतो, २०० बारवर सुरुवात करायची, सारखा बघत राहायचा आणि ५० शिल्लक असतानाच वर यायचं. श्वास सोडत, हळूहळू.

"आणि दम?"

"धरायचा नाही, तात्या."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. लाव पुढं."