पोथींतली ढाल आणि आखाड्यांतली ढाल

इंग्लंडांत लीड्स येथील रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयांत 'आय. ३३' या क्रमांकाची चर्मपत्रावरील एक सचित्र पोथी आहे. सुमारें १४ व्या शतकाच्या आरंभींची ही पोथी युरोपांत आजवर उपलब्ध झालेल्या खड्गविद्येच्या ग्रंथांत सर्वांत जुनी गणली जाते. पत्रें ३२, मजकूर लॅटिन, मधून मधून परिभाषा जर्मन. एक पुरोहित आपल्या शिष्यास तलवार व लहान ढाल यांचे डाव शिकवीत आहे, आणि अखेरीस शिष्याच्या जागीं वालपुर्गिस नांवाची स्त्री उभी आहे. पोथीचा प्रवासही संग्राहकांस रुचेल असाच. १६ व्या शतकांत फ्रँकोनियांतील एका मठांत ती एका सैनिकाच्या हातीं लागली. पुढें गोथा येथील संग्रहांत राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत तेथून नाहींशी झाली आणि १९५० सालीं लंडनच्या लिलावांत पुन्हां प्रकट झाली.

गेल्या तीसएक वर्षांत युरोप-अमेरिकेंत अशा पोथ्यांवरून ती विद्या पुन्हां उभी करण्याचा उद्योग जोमानें चालू असून तिचे सामनेही भरतात. उद्योग स्तुत्यच आहे. परंतु सामन्यांत जीं साधनें हातीं घेतलीं जातात त्यांविषयीं आमची तक्रार आहे, आणि ती केवळ वेषभूषेच्या हौसेची नाहीं.

पोथींतील ढाल लहान, वाटोळी, आपल्या फरीच्या जातीची. लढणारांचे हात चित्रांत उघडे आहेत. तलवारीच्या मुठीवर एक आडवी दांडी, याखेरीज बोटांस आच्छादन नाहीं. त्यामुळें घाव घालतांना उजवा हात पुढें गेला कीं ढालही त्याच्या संगतीनें जाते. पानामागून पान उलटलें तरी ही जोडी सहसा सुटत नाहीं. ढाल येथें छातीची नव्हे, हाताची राखण करते. शिवाय तीच ढाल प्रतिपक्ष्याच्या तलवारीवर व ढालीवर एकदम आदळून त्याचे दोन्ही हात अडकवून टाकण्याचा डाव पोथींत वारंवार येतो.

आतां आखाडा पाहावा. हातांत जाड कवची मोजे. घाव बसला तरी बोट मोडत नाहीं, आणि कांहीं नियमांत तर हातावरील घावास गुणही कमी. मग ढाल हाताजवळ ठेवण्याचें कारण उरत नाहीं; ती बाजूस, दूर, नियम देतील तितकी मोठी घेणें फायद्याचें ठरतें. खेळाडू लबाडी करीत नाहीं; नियमांच्या आंत राहूनच तो हुशारी करतो. पण त्यांतून जो डाव निघतो त्याचा पोथीशीं संबंध नांवापुरताच.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडलें तें असें कीं, पोथींतील एखाद्या संदिग्ध जागेचा अर्थ लावतांना 'हा अर्थ सामन्यांत टिकला' हें प्रमाण म्हणून पुढें केलें जातें. ज्या साधनांनीं तो टिकला तीं पोथीच्या काळीं नव्हतीं. मग सिद्ध काय झालें? नक्कलकारानें अवघड शब्द खोडून सोपा घालावा आणि पुढील अभ्यासकानें तोच मूळ पाठ मानून त्यावर टीका लिहावी, तशांतला हा प्रकार. शस्त्राची लांबी, वजन, धार हेही पाठच आहेत. धारेचेंच घ्या. दोन धारदार पातीं भिडलीं कीं धार धारेंत रुतून क्षणभर थांबते. बोथट पातीं घसरतात. आणि पात्यास पातें लावून पुढचा डाव ठरविणें हा तर या पोथीचा गाभा! आपल्याकडील पट्ट्याच्या खोबळ्यांत मनगट जखडलेलें असतें, म्हणून वार खांद्यापासून येतो. साध्या मुठीच्या तलवारीनें पट्ट्याचे हात शिकूं पाहणारास जें कळेल तेवढेंच येथें कळतें.

मुखवटा नको, मोजे नकोत, असें आम्हीं म्हणत नाहीं. इटालियन खड्गगुरु फिओरे देई लिबेरी यानें सुमारें १४१० च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे कीं, अंगांत केवळ गादीचा अंगरखा व हातांत मऊ कातड्याचे मोजे घालून आपण पांच वेळां धारदार तलवारींनीं इतर गुरूंशीं लढलों. त्याचा कित्ता आज कोणीं गिरवूं नये. परंतु बोटें शाबूत राखण्यासाठीं घातलेला मोजा निराळा, आणि तोच मोजा ढाल म्हणून पुढें करणें निराळें.

उलट बाजूचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. खेळ हाही इतिहासच. योआखिम मायर याचा १५७० सालीं स्ट्रासबुर्ग येथें छापलेला ग्रंथ उघडला तर त्यांतील लांब तलवारी सरावाच्या, अरुंद पात्याच्या व मुठीजवळ रुंद अशा दिसतात; आणि लांब तलवारीनें भोंसकणें त्या काळच्या जर्मन आखाड्यांतून बहुतेक उठलें होतें. म्हणजे खेळासाठीं घडविलेलें शस्त्र साडेचारशें वर्षांपूर्वींही होतें. हें आम्हांस मान्य आहे. पण मग ज्यास खेळ खेळावयाचा त्यानें मायरचें नांव सांगावें; १४ व्या शतकांतील पुरोहितास साक्षीस ओढूं नये.

कांहीं थोडे खेळाडू पोथीच्या मापाची लहान ढाल व होईल तितका हलका मोजा घेऊन, हरण्याची तयारी ठेवून उतरतात. ते हरले तर ती हार अभ्यासकांस मोठ्या ढालीच्या विजयाहून अधिक उपयोगी आहे, कारण हात नेमका कोठें उघडा पडला हें तीच दाखविते. सामन्यांच्या वृत्तांत विजेत्याचें नांव येतें. त्याशेजारीं त्याच्या ढालीचा व्यास, तलवारीची लांबी व वजन आणि मोज्याची जात हींही छापलीं जावींत. तीं नसतील तोंवर असा वृत्तांत पोथीच्या अर्थनिर्णयांत पुरावा म्हणून आम्हीं दाखल करून घेणार नाहीं.