‘निर्वासित’ कोणाला म्हणावे? : युद्धोत्तर इटली आणि राष्ट्रीयत्वाची कसोटी

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतरचा निर्वासितांचा प्रश्न आणि वसाहतींचा अंत हे बहुधा दोन स्वतंत्र अभ्यासविषय मानले जातात. पॅमेला बॅलिंजर यांच्या ‘द वर्ल्ड रेफ्युजीज मेड’ (२०२०) या ग्रंथाने ते इटलीच्या उदाहरणातून एकत्र आणले आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यातील ‘निर्वासित’ ही संकल्पना कोणाला वगळून आकारास आली, हा या ग्रंथाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

विवेचन

१० फेब्रुवारी १९४७ च्या शांतता तहान्वये इटलीने लिबिया, इरिट्रिया व सोमालिया या वसाहतींवरील हक्क सोडला. डोडेकनीज बेटे ग्रीसकडे, तर इस्ट्रियाचा बहुतांश भाग, फ्यूमे व झारा युगोस्लाव्हियाकडे गेले. परंतु माणसांचे परतणे तहापूर्वीच सुरू झाले होते. १९४२-४३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील सुमारे २८ हजार इटालियन स्त्रिया, मुले व वृद्ध यांना जहाजांनी केप ऑफ गुड होपला वळसा घालून मायदेशी आणण्यात आले. इस्ट्रिया व डाल्मेशिया सोडणाऱ्यांच्या संख्येचे अंदाज दोन ते साडेतीन लाखांच्या दरम्यान आहेत.

हे लोक घरदार गमावून आले होते. तथापि ते इटलीचे नागरिक होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या दृष्टीने ते प्रामुख्याने इटालियन शासनाची जबाबदारी ठरले. रोममधील चिनेचित्ता या चित्रपटनगरीत युद्धानंतर निर्वासित छावणी होती. तेथे इटालियन विस्थापित आणि परदेशी निर्वासित यांचे विभाग वेगळे होते. छप्पर एक, परंतु नोंदवही निराळी, अशी ही व्यवस्था होती. ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ निर्वासित हा भेद दुःखाच्या तीव्रतेवर नव्हे, तर नागरिकत्वाच्या कागदावर उभा होता, हे बॅलिंजर यांचे प्रतिपादन येथे विशेष पटते. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने राहत्या देशात नागरिकांसारखे हक्क लाभलेल्यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आणि या भेदाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

कागद मिळवणेही सरळ नव्हते. हस्तांतरित प्रदेशातील ज्यांची व्यवहारभाषा इटालियन होती, त्यांना तहाच्या १९ व्या कलमानुसार एका वर्षात इटालियन नागरिकत्व निवडता येत होते. द्विभाषिक कुटुंबांच्या सीमाप्रदेशात भाषेलाच राष्ट्रीयत्वाचा पुरावा मानणे म्हणजे घराघरात वादाला निमंत्रण देणे होते.

मूल्यमापन

इटलीची वसाहतमुक्ती युद्धातील पराभवासरशी एका क्षणात आटोपली, हा प्रचलित समज हा ग्रंथ मोडून काढतो. सोमालियावरील इटालियन विश्वस्त प्रशासन १९६० पर्यंत चालले. लिबियातील सुमारे २० हजार इटालियनांना १९७० मध्ये देश सोडावा लागला. ही दीर्घ प्रक्रिया दाखवून देणे, हे ग्रंथाचे मोठे यश होय.

मात्र ग्रंथाचा केंद्रबिंदू परतलेले इटालियन हाच असल्याने, ज्यांना परतण्यासाठी मायदेशच देण्यात आला नाही ते कडेला राहतात. इटालियन पिता व आफ्रिकन माता यांच्या संततीस पित्याने कायदेशीर मान्यता देण्यास १९४० च्या कायद्याने मनाई केली होती. वसाहतीतील प्रजाजन इटलीच्या अमलाखाली होते, परंतु तिच्या राष्ट्रात नव्हते. ‘आपले’ निर्वासित निवडताना राष्ट्राने कोणाला परके ठरवले, याचे उत्तर या दुसऱ्या बाजूशिवाय पुरे होत नाही. शासन आणि संघटनांच्या दप्तरांवर आधारलेल्या इतिहासलेखनाची ही मर्यादा आहे.

भारतीय अभ्यासकाला या विवेचनाचे महत्त्व सहज जाणवेल. फाळणीनंतर कल्याणजवळील युद्धकालीन लष्करी छावण्यांत सिंधी विस्थापितांना आसरा मिळाला व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. तेही लाखो असूनही आंतरराष्ट्रीय व्याख्येबाहेरच राहिले. भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. इटलीत मायदेश आक्रसला होता, येथे तो विभागला गेला होता. हा फरक मान्य करूनही वगळण्याची रीत सारखीच दिसते.

समारोप

निर्वासितांची व्याख्या ही केवळ मदतीची नव्हे, तर राष्ट्राच्या सीमारेषेचीही व्याख्या असते, हे या ग्रंथातून ठळकपणे पुढे येते. परतलेल्यांच्या इतिहासाला वगळलेल्यांच्या इतिहासाची जोड मिळाल्यास ही मांडणी अधिक परिपूर्ण होईल.