‘बाल’ हे उपपद आणि समीक्षेचा निकष

अल्पवयीन प्रतिभेचा गौरव करताना उपाधीतच वय गोवून ठेवण्याची रीत मराठीत रूढ आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांस 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले. नारायण राजहंस ‘बालगंधर्व’ झाले, शिवपुत्र कोमकळी ‘कुमार गंधर्व’. उपाधी देणारे जाणते होते व देण्यामागे वात्सल्यही होते. परंतु कौतुकाचा हा शब्द पुढे समीक्षेत निकष म्हणून वावरू लागला आणि घोटाळ्यास तेथूनच प्रारंभ झाला.

ज्ञानेश्वरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, पूर्ण झाली. ज्ञानेश्वरांचा जन्म मात्र कोणी शके 1197 चा मानतात, कोणी 1193 चा. पहिला शक स्वीकारल्यास ग्रंथकर्ता पंधरा वर्षांचा ठरतो, दुसरा स्वीकारल्यास एकोणीस वर्षांचा. या चार वर्षांनी एखाद्या ओवीचे मोल कमी झाले काय? विस्मय तेवढा कमी होतो. विस्मय हा वाचकाचा अनुभव आहे, ग्रंथाचा गुण नव्हे.

ठोंबऱ्यांच्या वाट्याला याहून मोठा अन्याय आला. 1890 मध्ये जन्मलेला हा कवी 1918 मध्ये रेल्वेच्या अपघातात गेला. ‘फुलराणी’ समोर ठेवून त्यांस निसर्गाचे निरागस लेकरू म्हणणे सोपे जाते. ‘औदुंबर’पाशी ते चालत नाही. अवघ्या आठ ओळींत तेथील रंग हिरव्या शेतांपासून काळ्या डोहापर्यंत गडद होत जातात, आणि अखेरच्या झाडाची स्तब्धता बालसुलभ म्हणता येत नाही. ‘पारवा’तील खिन्नताही तशीच. उपाधीवर विसंबलेल्या समीक्षकाला या कविता अपवाद वाटतात. वस्तुतः कवीची खरी ओळख त्यांतच आहे.

संगीताची गोष्ट काहीशी निराळी आहे. तेथे स्वर, ताल व चीज यांची बांधणी मुलाला आयती मिळते आणि अनुकरणाला नमुनेही समोर असतात. कोमकळी बालवयात ध्वनिमुद्रिकांतील थोर गायकांची गायकी हुबेहूब उभी करीत. सभा थक्क होई, ते रास्तच होते. पण पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांकडे झालेले शिक्षण, मग क्षयाने लादलेले दीर्घ मौन, देवासच्या मुक्कामात कानी पडलेली माळव्याची लोकगीते आणि 1965 चा ‘अनूपरागविलास’ यांतून जे सिद्ध झाले, त्याचा त्या हुबेहूबपणाशी संबंध थोडाच. तरीही 1992 मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी निधन होईपर्यंत ते ‘कुमार’च राहिले!

खेळात तर वयाच्या जोडीला आकडाही येतो. जानेवारी 2016 मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या व इंग्लंडमधील कॉलिन्सचा 1899 सालचा नाबाद 628 धावांचा उच्चांक मोडला. आकडा निर्विवाद आहे. मात्र प्रतिपक्ष किती तुल्यबळ होता, हे आकडा सांगत नाही. शिवाय तो टिकला, कारण मैदानाच्या कडेला धावा मांडणारा कोणी बसला होता.

कल्याणपलीकडे शहापूर तालुका लागतो. तेथील तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबईस जाते; देवधरांच्या संगीतशाळेचे आणि शालेय क्रिकेटच्या मैदानांचे शहर तेच. धरणाच्या परिसरातील ठाकूर, कातकरी, वारली पाड्यांवर गाणे होते, नाच होता, रानाची बारीक माहिती होती. कविसंमेलन नव्हते, ध्वनिमुद्रिका नव्हती, धावफलकही नव्हता. अल्पवयीन प्रतिभावंतांच्या याद्यांत या पाड्यांवरील नाव आढळले नाही, तर त्यावरून तेथील मुलांविषयी काहीच सिद्ध होत नाही. यादी कोणत्या सभांवरून तयार झाली, एवढेच तीवरून कळते.